इचलकरंजी लोकसभा मतदारसंघ: येत्या पुनर्रचना आयोगास एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
मतदारसंघ पुनर्रचना आयोग
(२०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आधारे हद्दी आखण्यासाठी नेमला जाणारा)

विषय: पूर्वीच्या इचलकरंजी लोकसभा मतदारसंघाचा इतिहास आणि नवी हद्द आखताना घ्यावयाची दखल

महोदय,

१९७७ ते २००९ या काळात देशाच्या लोकसभेत इचलकरंजी नावाचा मतदारसंघ होता. त्या नावाने नऊ सार्वत्रिक निवडणुका झाल्या, तीन खासदार दिल्लीला गेले आणि २००८ च्या पुनर्रचना आदेशाने तो मतदारसंघ संपुष्टात आला. त्याच्या जागी आलेला हातकणंगले मतदारसंघ राज्याच्या यादीत ४८ वा, म्हणजे अगदी शेवटचा आहे. आदेश हा मुळात एक तक्ता असतो: अनुक्रमांक, नाव आणि समाविष्ट भाग. नाव का बदलले, कोणता भाग कोणत्या विचाराने जोडला किंवा तोडला, हे त्या तक्त्यात कोठेही येत नाही. १९७६ च्या आदेशाने हातकणंगले जाऊन इचलकरंजी आले, २००८ च्या आदेशाने इचलकरंजी जाऊन हातकणंगले आले, आणि दोन्ही वेळी येथील मतदाराच्या हाती पडला तो निकाल, कारण नव्हे.

जुने नाव परत मिळावे एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहिलेले नाही. नावाबद्दल मला काय वाटते ते पुढे लिहिले आहे. पण माझे मुख्य म्हणणे असे की, आयोगाने हद्दींबरोबर त्यांची कारणेही छापावीत. ती छापली नाहीत तर काय होते, हे या एका मतदारसंघाच्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

इचलकरंजी ही कोल्हापूर संस्थानातील घोरपडे घराण्याची जहागीर. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी येथे व्यंकटेश रंगतंतू मिल सुरू केली आणि यंत्रमागाचा खडखडाट गावात शिरला तो आजतागायत थांबलेला नाही. नगरपालिका त्याआधीच, १८९३ मध्ये, स्थापन झालेली होती. मोठ्या गिरणीच्या भोंग्यावर उठणारे शहर हे कधीच नव्हते. घराच्या पडवीत चार माग, मागच्या खोलीत कुटुंब, अशी त्याची वाढ झाली. त्यामुळे मालक आणि कामगार एकाच गल्लीत राहिले, त्यांच्यातले तंटे याच गल्लीत झाले आणि मिटलेही याच गल्लीत. या शहराच्या राजकारणाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर आधी ही रचना ध्यानात घ्यावी लागते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पहिल्या लोकसभेच्या वेळी हा मुलूख दोन सदस्यांच्या कोल्हापूर-सातारा या जोडमतदारसंघात होता आणि तेथून निवडून आलेल्यांत संविधान सभेचे सदस्य राहिलेले रत्नाप्पा कुंभार होते. पंचगंगेच्या काठचा साखर कारखाना उभा करणारे हेच ते देशभक्त रत्नाप्पाण्णा. द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाल्यावर १९६२ पासून हातकणंगले हा स्वतंत्र मतदारसंघ दिसू लागतो. त्या वर्षी काँग्रेसचे कृष्णाजी मोरे, १९६७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवार म्हणून कोल्हापूरच्या राजघराण्यातील विजयमाला राजाराम छत्रपती भोसले आणि १९७१ मध्ये काँग्रेसचे दत्ताजीराव कदम असे तीन प्रतिनिधी या मतदारसंघाने दिले.

यातल्या शेवटच्या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. दत्ताजीराव कदम हे इचलकरंजीच्या सहकारी वस्त्रोद्योगाच्या उभारणीतले अग्रणी. जुन्या राजवाड्यात भरणारी डी.के.टी.ई. ही वस्त्रतंत्राचे शिक्षण देणारी संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे मतदारसंघाचे नाव हातकणंगले होते तेव्हा खासदार मागाच्या गावचा होता. आणि पुढच्याच निवडणुकीत मतदारसंघाला मागाच्या गावाचे नाव मिळाले तेव्हापासून सलग पाच वेळा खासदार आले ते रुकडी या गावचे. नावावरून काहीच ठरत नाही असे म्हणणाऱ्याला यापेक्षा सोयीचा पुरावा मिळणार नाही, आणि मी तो दडवून ठेवू इच्छित नाही.

१९७२ च्या कायद्याने नेमलेल्या न्या. जे. एल. कपूर आयोगाने १९७१ च्या जनगणनेवरून हद्दी आखल्या आणि मार्च १९७७ मध्ये इचलकरंजी मतदारसंघाची पहिली निवडणूक झाली. ती निवडणूक आणीबाणीनंतरची. महाराष्ट्रातही काँग्रेसला ४८ पैकी २० च जागा मिळाल्या आणि शेजारच्या कोल्हापुरातून शेतकरी कामगार पक्षाचे दाजीबा देसाई निवडून आले. इचलकरंजीने मात्र काँग्रेसचे राजाराम शंकरराव तथा बाळासाहेब माने यांना पाठवले. १९८०, १९८४, १९८९ आणि १९९१ या निवडणुकांतही तेच निवडून आले. १९८९ मध्ये दिल्लीतली काँग्रेसची सत्ता गेली तरी येथे फरक पडला नाही. एकोणीस वर्षे एकच खासदार असणे ही गोष्ट त्यांच्या लोकसंपर्काची साक्ष मानता येईल, आणि मी ती मानतो. पण ती मतदारसंघाच्या घडणीचीही साक्ष आहे. कारखान्याचे सभासद, दूध संस्था, सेवा सोसायट्या आणि गावोगावचे नातेसंबंध यांची जी वीण ग्रामीण भागात होती, तिच्यापुढे शहरातले मत विस्कळीत पडत असे. नगरपालिकेत एक, विधानसभेत दुसरे आणि लोकसभेत तिसरे असे मतदान करण्याची इचलकरंजीकरांना सवयच झाली. मजुरीच्या लढ्यात लाल बावट्याखाली उभा राहणारा कामगार लोकसभेला त्याच बावट्याला मत देईल, असा हिशेब येथे कधी धरता आला नाही.

१९९६ मध्ये कल्लाप्पाण्णा आवाडे काँग्रेसतर्फे निवडून आले आणि इचलकरंजी मतदारसंघाला प्रथमच इचलकरंजीचा खासदार मिळाला. १९९८ मध्ये ते पुन्हा विजयी झाले. परंतु अकरावी आणि बारावी या दोन्ही लोकसभा अल्पजीवी ठरल्या, त्यामुळे दोन विजय मिळूनही त्यांच्या वाट्याला संसदेतली सुमारे तीनच वर्षे आली. १९९९ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रवादी काँग्रेसच्या निवेदिता माने, म्हणजे बाळासाहेब माने यांच्या सूनबाई, निवडून आल्या आणि २००४ मध्येही त्यांनीच जागा राखली. नऊ निवडणुकांपैकी सात वेळा एकाच घरातील प्रतिनिधी, दोन वेळा शहरातला, असा या मतदारसंघाचा ताळेबंद आहे.

मग शहराने गमावले तरी काय, असा प्रश्न आयोगासमोर कोणी उभा केला तर तो रास्त ठरेल. त्याचे उत्तर संसदेच्या कामकाजात शोधावे लागते, कारण यंत्रमागाचे मोठे प्रश्न सुटतात किंवा अडतात ते दिल्लीत. १९८५ चे वस्त्रोद्योग धोरण आणि त्याच वर्षीचा हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा यांनी यंत्रमागावर काय विणावे आणि काय विणू नये हे ठरवले. १९९९ मध्ये तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आली आणि साध्या मागाशेजारी शटललेस (धोट्याशिवाय चालणारे) माग दिसू लागले. २००३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने यंत्रमागाला उत्पादन शुल्काच्या साखळीत ओढले, तेव्हा देशभरच्या यंत्रमाग केंद्रांत असंतोष उसळला. २००४ च्या अर्थसंकल्पात ती सक्ती मागे घेण्यात आली. या सगळ्या काळात ज्या खासदाराला उद्देशून निवेदन लिहायचे, त्याच्या नावापुढे संसदेच्या कागदांवर 'इचलकरंजी' छापलेले होते. खासदार रुकडीचा असो वा शहराचा, वस्त्रोद्योग मंत्रालयातल्या बाबूला हे नाव ऐकून पुढचे काही समजावून सांगावे लागत नसे. एवढाच फायदा होता, आणि तो लहान असला तरी खोटा नव्हता.

येथील धंद्याची एक बाब आयोगाच्या नजरेस आणून देतो, कारण तिच्याशिवाय पुढचे म्हणणे नीट उमगणार नाही. इचलकरंजीतील बरेच यंत्रमागधारक 'खर्चीवाले' आहेत. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, आणि खर्चीवाल्याला मिळते ती मीटरमागची मजुरी. ती मजुरी 'पिका'वर (इंग्रजी pick, म्हणजे आडवा धागा) ठरते. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसले ते भिंगाखाली मोजले जाते आणि ५२ पिकाच्या कापडाला धरलेला दर हा बाकीच्या वाणांचा मापदंड मानला जातो. कामगाराच्या मजुरीचा करारही त्याच ५२ पिकावर, प्रति मीटर पैशांत होतो. सायझिंगवाला (सुताला खळ लावणारा), वहिफणी (उभे धागे फणीत ओवणारा), कांडीवाला (आडव्या सुताच्या कांड्या भरणारा), जॉबर (माग दुरुस्त करणारा), हमाल अशी पुढची सारी साखळी या काही पैशांवर उभी आहे. सुताच्या भावात किंवा करात दिल्लीने केलेला अगदी थोडा फेरफारही या साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत आठवडाभरात पोहोचतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि कापडावर पाच टक्के कर आला; सुतावर भरलेल्या जादा कराचा परतावा मात्र कापडाच्या बाबतीत जुलै २०१८ अखेरपर्यंत नाकारलेला होता. त्या वर्षात किती साधे माग भंगारात वजनावर गेले ते सायझिंगच्या दारात उभे राहिलेले सगळे जाणतात.

आता २००८ कडे येतो. २००२ च्या कायद्यानुसार न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून हद्दी आखल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील विधानसभेच्या जागा बारावरून दहावर आल्या. पन्हाळा, सांगरूळ, वडगाव, गडहिंग्लज ही नावे गेली. नव्या हातकणंगले लोकसभा मतदारसंघात कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी व शिरोळ आणि सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर व शिराळा असे सहा विधानसभा मतदारसंघ बसवण्यात आले. तीस वर्षे गोठवलेल्या हद्दी बदलणे भागच होते. एका खासदारामागे कोठे कमी, कोठे फार लोक अशी विषमता झाली होती आणि ती दूर करणे हे आयोगाचे कर्तव्य होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

परंतु नकाशा समोर ठेवून पाहावे. एका टोकाला आंबा घाटाचा पाऊस आणि चांदोलीचे जंगल, दुसऱ्या टोकाला नृसिंहवाडीचा संगम आणि शिरोळची पूररेषा; मध्ये ऊस, पुन्हा ऊस, हुपरीची चांदी आणि एका कोपऱ्यात सूत. २००२ च्या कायद्याच्या नवव्या कलमात मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या सलग व आटोपशीर असावा, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय विचारात घ्यावी, असे लिहिलेले आहे. शिराळ्याचा शेतकरी आणि इचलकरंजीचा खर्चीवाला यांची गाठ कोणत्या बाजारात, कोणत्या कचेरीत, कोणत्या एसटीत पडते, याचा विचार झाला होता का? झाला असेल तर तो छापला का गेला नाही?

या मतदारसंघाने २००९ आणि २०१४ मध्ये राजू शेट्टी यांना आणि २०१९ व २०२४ मध्ये धैर्यशील माने यांना निवडून दिले. शेट्टी हे ऊस आंदोलनातून आलेले नेते. उसाचा दर, शेतमालाला हमीभाव, कर्जमुक्ती हे त्यांचे विषय होते आणि या विषयांवर त्यांनी संसदेत खासगी विधेयकेही मांडली. ज्या मतदारसंघात सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांचा कणा ऊस आहे, तेथे खासदाराने उसावर बोलणे यात गैर काय? दोष व्यक्तीचा नाही. मतदारसंघाची बेरीजच अशी मांडली गेली की, सूत हा विषय त्या बेरजेत हातच्याला राहिला.

याहून टोचणारी गोष्ट पाण्याची आहे. पंचगंगा शहराच्या उशाला वाहते, पण तिचे पाणी भरवशाचे राहिलेले नाही. २०१२ च्या काविळीच्या साथीत शहराने माणसे गमावली. कृष्णेवरून मजरेवाडीपासून आणलेली योजना आहे, तिची जलवाहिनी आणि तिची गळती या दोन्ही गोष्टी येथील घराघरांत तोंडपाठ आहेत. नंतर वारणेवर दानोळी येथून पाणी आणण्याची योजना मंजूर झाली, तेव्हा वारणाकाठच्या गावांनी विरोध केला. त्यानंतर दूधगंगेवर कागल तालुक्यातील सुळकूड येथून पाणी आणण्याची योजना पुढे आली, तेव्हा दूधगंगाकाठाने विरोध केला. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणे हे ज्या शहरात बातमी राहिलेले नाही, त्या शहरासाठी एकामागून एक योजना कागदावर राहिल्या.

आता हद्दी पाहा. दानोळी शिरोळ तालुक्यात, म्हणजे हातकणंगले लोकसभा मतदारसंघात. सुळकूड कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात. दानोळीच्या वादात मागणारे आणि नाकारणारे दोघेही एकाच खासदाराचे मतदार होते, आणि तरीही योजना झाली नाही. म्हणजे एका मतदारसंघात असल्याने पाणी मिळते असे म्हणायला जागा नाही. पण त्या वादात निदान एका माणसाला दोन्ही बाजूंना तोंड द्यावे लागले, दोन्हीकडे मते मागावी लागली आणि दोन्हीकडे शिव्या खाव्या लागल्या. सुळकूडच्या वादात तेवढेही बंधन उरले नाही. कागलच्या बाजूने बोलणाऱ्याला इचलकरंजीच्या एकाही मताची गरज नाही आणि इचलकरंजीच्या बाजूने बोलणाऱ्याला कागलच्या एकाही मताची भीती नाही. भांडण सोडवण्यात कोणाचेच राजकीय हित नसेल तर ते सुटावे तरी कसे?

तीच गत कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीची. नावातच दोन तालुके आहेत. जमीन सलग, रस्ते सलग, कामावर येणारी माणसे दोन्हीकडची, आणि लोकसभेची रेषा मात्र या दोन तालुक्यांमधून गेलेली. शहराच्या दुसऱ्या बाजूला यड्रावसारखे गाव शिरोळ तालुक्यात मोडते, पण तेथला माग इचलकरंजीच्याच सुतावर चालतो आणि त्याचे कापड इचलकरंजीच्याच पेढीवर उतरते. कबनूर, कोरोची, चंदूर, तारदाळ, खोतवाडी ही गावे तर शहरात मिसळूनच गेली आहेत; कोठे ग्रामपंचायत संपते आणि कोठे महानगरपालिका सुरू होते हे कचरागाडी कोणाची आली यावरूनच काय ते कळते. महसूल मंडळांची यादी हाती धरून हद्द आखणाऱ्याला यातले काही दिसणार नाही.

आपल्या शहराला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणवून घ्यायची आम्हाला हौस आहे, म्हणून जाता जाता खऱ्या मँचेस्टरचाही उल्लेख करतो. कापडाच्या जोरावर जगभर नाव झालेल्या त्या शहराला १८३२ च्या सुधारणा कायद्यापर्यंत ब्रिटिश संसदेत स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता, त्याच वेळी ओल्ड सारमसारख्या ओसाड टेकडीला दोन जागा होत्या. प्रतिनिधित्वाची मागणी करायला १८१९ मध्ये सेंट पीटर्स फील्डवर जमलेल्या लोकांवर घोडदळ घालण्यात आले. आमची स्थिती तशी मुळीच नाही. आम्हाला मत आहे, आमदार आहे, खासदार आहे. पण उद्योगाचे शहर वाढते एका गतीने आणि प्रतिनिधित्वाचा नकाशा बदलतो दुसऱ्याच गतीने, ही अडचण दोन्ही ठिकाणची आहे, आणि तेथे ती दूर करताना संसदेत खडाजंगी चर्चा झाली, कारणे मांडली गेली, नोंदली गेली. येथे कायद्याने आयोगाच्या आदेशाला कायद्याइतकेच बळ दिले आहे आणि न्यायालयात त्यावर प्रश्न उपस्थित करता येणार नाही असेही लिहून ठेवले आहे. ज्याच्या निर्णयाला इतके संरक्षण आहे त्याने कारणे देण्याची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक मानली पाहिजे.

लोकसंख्येबद्दलही एक निवेदन आहे. २०११ च्या जनगणनेत इचलकरंजी शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. मागावर काम करणाऱ्यांत विजयपूर-कलबुर्गीकडचे, सोलापूर-मराठवाड्यातले, उत्तर प्रदेश-बिहारचे लोक मोठ्या प्रमाणावर आहेत. जनगणनेत ते येथे मोजले जातात आणि मतदारसंघाचे आकारमान लोकसंख्येवर ठरत असल्याने त्यांचे वजन येथल्या जागेला मिळते. यातल्या अनेकांचे मत मात्र अजून त्यांच्या मूळ गावच्या यादीत आहे. दोन मागांच्या मधल्या पट्टीवर झोपणाऱ्या अशा कामगाराचे डोके हिशेबात येते आणि आवाज येत नाही. हद्द आखणे हे आयोगाचे काम आणि यादी करणे हे निवडणूक आयोगाचे, हे मला ठाऊक आहे. तरी औद्योगिक शहरांच्या बाबतीत या दोन आकड्यांतली तफावत आयोगाने प्रस्तावासोबत नोंदवावी, म्हणजे पुढच्या कामाला निदान सुरुवात होईल.

नावाविषयी आता लिहितो. २००८ मध्ये कोलाब्याचे रायगड झाले, राजापूरचे रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाले. गडचिरोली-चिमूर आणि यवतमाळ-वाशीम अशी जोडनावेही आली. कराड आणि पंढरपूर ही नावे तर लोकसभेच्या यादीतून पुसलीच गेली. म्हणजे जोडनावाला आयोगाचा आक्षेप नव्हता. हातकणंगले हे तालुक्याचे ठिकाण आहे, कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावर आहे आणि इचलकरंजीला रेल्वेस्थानकच नसल्याने आमची गाडीही तेथेच थांबते. त्या गावाचा मान कमी व्हावा असे येथे कोणालाही वाटत नाही. तरीही तालुक्यातल्या, किंबहुना साऱ्या मतदारसंघातल्या सर्वांत मोठ्या शहराचे, २०२२ पासून महानगरपालिका असलेल्या शहराचे नाव त्याच्या स्वतःच्या मतदारसंघात नसावे, हे विसंगत आहे. हा भाग पुढेही एकाच मतदारसंघात राहणार असेल तर त्याला 'इचलकरंजी-हातकणंगले' असे नाव द्यावे. पण मला निवड करायला सांगितली तर मी नावाआधी हद्द मागेन. नाव मिळाले आणि कागल-हातकणंगलेची तोड तशीच राहिली, तर मतपत्रिकेवर नाव छापलेले पाहण्यापलीकडे मागवाल्याच्या पदरात काही पडणार नाही.

हद्दीबाबत माझा आग्रह एवढाच आहे की, इचलकरंजी शहर, त्याला चिकटलेली मागाची गावे, कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहत आणि शहराच्या पाण्याचे प्रस्तावित उद्भव (पाणी उचलण्याची ठिकाणे) यांना एकत्र ठेवून काय आकृती तयार होते, हे आयोगाने एकदा आखून पाहावे. तशी आकृती लोकसंख्येच्या गणितात बसणार नाही, असे निष्पन्न होऊ शकेल. कागलकरांचा विरोधही येईल, आणि त्यांच्या दृष्टीने तो योग्यच असेल. शहराची तहान भागवण्यासाठी आपला मतदारसंघ बदलावा असे कोणत्या गावाला वाटेल? आयोगाने त्यांचेही ऐकावे. अखेरीस आकृती नाकारायची झाली तर नाकारावी, मात्र का नाकारली ते लिहावे. प्रस्तावासोबत सहयोगी सदस्यांची (आयोगाला साहाय्य करणाऱ्या खासदार-आमदारांची) भिन्न मते प्रसिद्ध करण्याची तरतूद कायद्यात आहेच. त्याच राजपत्रात प्रत्येक बदललेल्या मतदारसंघासाठी दोन परिच्छेदांची कारणमीमांसा आणि जुन्या-नव्या हद्दी दाखवणारा नकाशा जोडायला कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नाही. संपुष्टात आलेल्या मतदारसंघांची नोंदही त्यात असावी: केव्हा झाला, कोणता भाग होता, कोणी प्रतिनिधित्व केले, आणि तो भाग आता कोठे गेला. इचलकरंजीची ती नोंद करायची झाली तर या पत्रात लिहिलेल्यापेक्षा फार मोठी होणार नाही.

राहिली सुनावणीची गोष्ट. कायद्याने प्रत्येक राज्यात जाहीर बैठका घेणे आयोगावर बंधनकारक आहे, पण त्या कोठे घ्याव्यात हे आयोगाच्या मर्जीवर आहे. कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांसाठीची एक बैठक इचलकरंजीत ठेवावी आणि तिची वेळ दिवसपाळी सुटल्यानंतरची असावी, म्हणजे मागावरच्या माणसाला मजुरी बुडवून आपले म्हणणे मांडायला यावे लागणार नाही. शहरात सभागृह आहे, वीज आहे, आणि त्या दिवशी पिण्याच्या पाण्याचा टँकर नागरिक स्वतः मागवतील.

कळावे,

आपला,
इचलकरंजी विधानसभा मतदारसंघातील एक मतदार